नऊचा आकडा कोणत्या दशकातला? एका शेव्हरोलेट इंजिनाची ओळख पटवताना

पार्श्वभूमी

माझ्या एका मित्राकडे १९६९ ची शेव्हरोलेट इम्पाला आहे. तो अमेरिकेत, कडाक्याची थंडी पडते अशा भागात राहतो. नाव-गाव मुद्दाम देत नाही. गाडी घेतली तेव्हा तिचं मूळ इंजिन जागेवर होतं. ३२७ घन इंचांचं, म्हणजे साधारण ५.४ लिटरचं व्ही-एट, २३५ अश्वशक्तीचं. एका हिवाळ्यात रेडिएटरमध्ये अँटीफ्रीझ कमी पडलं, पाणी गोठलं आणि ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात त्या इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाला, तडा गेला. तडा बाहेरच्या अंगाला असता तर शिवून घेता आला असता, पण तो आत सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पोचला होता. ब्लॉक गेला. क्रँकशाफ्ट (थोडक्यात क्रँक, पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा), त्याला पिस्टनशी जोडणारे कनेक्टिंग रॉड आणि सिलिंडरांवर झाकणासारखे बसणारे दोन्ही हेड मात्र शाबूत राहिले.

मी बरीच वर्षं इंजिन दुरुस्तीच्या मशीन शॉपमध्ये काढली आहेत, म्हणून त्याने मला फोन केला. त्याला दुसरं ३२७ हवं होतं, शक्यतो त्याच सालचं. दोन महिने शोधल्यावर एका शेतघराच्या कोठारात एक सापडलं. विक्रेता साठीच्या पुढचा, बोलायला सरळ माणूस. इंजिन त्याच्या दिवंगत वडिलांचं. त्यावर तारेने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, आणि त्यावर वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं: '३२७ – ६९'. किंमत ९०० डॉलर.

अडचण

शेव्हरोलेटचं स्मॉल ब्लॉक व्ही-एट १९५५ मध्ये २६५ घन इंचांचं म्हणून आलं. पुढे त्यातून २८३, ३२७, ३०२, ३५०, ३०७, ४००, ३०५ अशी बरीच भावंडं निघाली आणि सगळ्यांचा तोंडवळा जवळजवळ सारखाच राहिला. बाहेरून बघून ३२७ कोणतं आणि ३५० कोणतं हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून ब्लॉकवरच्या खुणा वाचाव्या लागतात.

या खुणा तीन ठिकाणी असतात. पहिला कास्टिंग नंबर: ब्लॉकच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला, जिथे गिअरबॉक्स बसतो त्या कडेवर. हा साच्यातूनच उठून येतो, अक्षरं फुगीर असतात. दुसरी कास्टिंगची तारीख, बहुतेक ब्लॉकवर मागेच पण पॅसेंजरच्या बाजूला. एक अक्षर महिन्यासाठी (ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर), मग दिवस, मग वर्षाचा फक्त शेवटचा आकडा. तिसरी खूण पुढच्या बाजूला, पॅसेंजरकडच्या हेडच्या अगदी पुढे असलेल्या सपाट पट्टीवर पंचाने ठोकलेली. तिच्यात इंजिन जोडणाऱ्या कारखान्याचं अक्षर, महिना-दिवस आणि प्रकार सांगणारी अक्षरं असतात. १९६८ पासून तिथेच गाडीच्या ओळख क्रमांकाचा एक तुकडाही ठोकलेला सापडतो.

मी माणसांना नेहमी सांगतो की या खुणा वेगवेगळे प्रश्न सोडवतात. साच्याचा नंबर सांगतो, या ओतकामातून काय काय होऊ शकत होतं. ठोकलेला नंबर सांगतो, कारखान्यातून ते काय होऊन बाहेर पडलं. आज आत काय आहे हे मात्र दोन्ही सांगत नाहीत. पन्नास वर्षांत इंजिन कितीदा उघडलं गेलं असेल याचा हिशेब लोखंडावर लिहिलेला नसतो.

कोठारातल्या इंजिनावर मित्राने आधी मागचा नंबर पुसून वाचला: ३९७००१०. तक्त्यात बघितलं तर हा ब्लॉक १९६९ मध्ये ३०२, ३२७ आणि ३५० तिन्हींसाठी वापरलेला, आणि पुढे १९७९ पर्यंत ३५० साठी. तारीख वाचली: डी १४ ९. म्हणजे १४ एप्रिल, साल नऊ. हेडच्या टोकाला पट्ट्याचे ब्रॅकेट बसवायची आटे पाडलेली भोकं होती, जी १९६९ पासूनच्या हेडवर येतात. वर एअर क्लीनरच्या झाकणावर ३२७ चं स्टिकर. रंग शेव्हरोलेटचा तो ओळखीचा नारिंगी.

त्याने तिथूनच मला फोन केला. "दादा, सगळं जुळतंय. पैसे देऊन टाकू का?"

"पुढची पट्टी वाचलीस?"

"रंगाचा थर आहे तिच्यावर. काही दिसत नाही."

"मग अजून काहीच जुळलेलं नाही. थांब, रविवारी मी येतो."

पहिला निर्णय: घाई करायची की थांबायचं

त्याचा उतावीळपणा मला समजत होता. दोन महिने शोधून एक वस्तू हाताशी आली होती, आणखी एक गिऱ्हाईक शनिवारी येणार असं विक्रेत्याने सांगितलं होतं. शिवाय खरोखरच पाच खुणा एकाच दिशेने बोट दाखवत होत्या.

पण त्या खुणांकडे एकेक करून बघा. साच्याचा नंबर ३२७ ला नाकारत नाही, एवढंच. तारखेतला नऊ १९६९ चा असू शकतो, तसाच १९७९ चाही, कारण हा ब्लॉक दोन्ही वर्षी ओतला जात होता. हेडवरची भोकं 'एकोणसत्तर किंवा नंतर' एवढंच सांगतात, आणि हेड तर नंतर कधीही बदलता येतं. स्टिकर दुकानात मिळतो. पुठ्ठ्याचा तुकडा कुणाच्या हातून कुठल्या इंजिनावर बांधला गेला हे माहीत नाही. पाच खुणा होत्या खऱ्या, पण एकीनेही ३५० ची शक्यता खोडून काढली नव्हती. मनात आधीच '३२७' ठरलेलं असलं की 'नाकारत नाही' आणि 'सिद्ध करतं' यातला फरक पुसट होतो.

मित्राने विक्रेत्याला १०० डॉलर इसार दिला आणि स्पष्ट सांगितलं, पट्टी वाचून पटलं नाही तर इसार परत. विक्रेता हो म्हणाला. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला खर्च हाच.

तोलून पाहिलेले पर्याय

इंजिन जमिनीवर लाकडी चौकटीत ठेवलेलं होतं, गाडीत नव्हतं. त्यामुळे पर्याय बरे होते.

पुठ्ठ्यावर विश्वास ठेवून घेणं हा एक. चुकलं तर काय होईल ते मी मित्राला आकड्यांत सांगितलं. ३०२, ३२७ आणि ३५० तिन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, एकच, ४.०० इंच (१०१.६ मिमी). फरक फक्त स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वर-खालच्या प्रवासात: अनुक्रमे ३.००, ३.२५ आणि ३.४८ इंच. रॉडची लांबीही एकच, ५.७ इंच. म्हणून फरक भरून काढावा लागतो तो पिस्टनमध्ये. पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर ३२७ मध्ये १.६७५ इंच, तर ३५० मध्ये १.५६. इंजिन ३२७ समजून पिस्टन मागवले आणि आत ३५० ची क्रँक निघाली, तर पिस्टन सव्वाशे दीडशे मैल गाडी चालल्यावर नव्हे, पहिल्याच फेऱ्यात ०.११५ इंच, म्हणजे जवळपास ३ मिमी जास्त वर येईल आणि हेडवर आपटेल.

दुसरा पर्याय मित्रानेच सुचवला: स्पार्क प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनचा वर-खालचा प्रवास मोजायचा. ऐकायला सोपं आहे, पण या इंजिनात प्लग बाजूने तिरका आत जातो. सळई सिलिंडरला समांतर राहत नाही, मधेच भिंतीला टेकते. आपल्याला ओळखायचा फरक ०.२३ इंच, म्हणजे ६ मिमीच्याही आतला. तिरक्या सळईने तेवढी चूक सहज होते. तरी त्याने करून बघितलं. तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले, आणि त्यातला एक नेमका ३.२५ च्या जवळ होता. तो आकडा त्याला फार आवडला. मी तिन्ही खोडायला लावले.

शर्यतींच्या मैदानावर तपासनीस एक पंपासारखं उपकरण वापरतात. ते प्लगच्या भोकाला लावून सिलिंडरने ढकललेली हवा मोजतात आणि हेड न उघडता घनफळ कळतं. आमच्या ओळखीत ते कुणाकडे नव्हतं.

राहिले दोन: पट्टी नीट साफ करून वाचणं आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवून खालून क्रँक बघणं. पहिल्याला विक्रेत्याची हरकत असायचं कारण नव्हतं. दुसऱ्याला होती. वडिलांनी बंद केलेलं इंजिन उघडायचं नाही, असं तो म्हणाला. त्याच्या मनाची बाजू मला कळली, म्हणून मी तो विषय तेव्हा ताणला नाही.

पट्टी वाचताना

इथे लोक सर्वांत मोठी चूक करतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पट्टीवर रंग दिसला की हात आपोआप वायर ब्रशकडे किंवा पॉलिश पेपरकडे जातो. ठोकलेली अक्षरं खोल नसतात. शिवाय पट्टीच्या पृष्ठभागावर कारखान्यातल्या यंत्राने सोडलेल्या बारीक समांतर रेघा असतात. पुढे कधी कुणी विचारलं की ही अक्षरं मूळचीच आहेत ना, तर त्या रेघाच साक्ष देतात. पेपर घासला की अक्षरं पुसट होतात आणि साक्षही जाते.

आम्ही रंग काढायचं द्रव लावलं, वर प्लॅस्टिकचा कागद टाकला, वीस मिनिटं थांबलो आणि लाकडी पट्टीने थर उचलला. नारिंगी रंग सालीसारखा सुटून आला. त्याच्या खाली निळा होता.

मी तिथेच थांबलो. मित्राला निळ्याचा अर्थ लगेच कळला नाही, त्याला वाटलं कुणीतरी मधे हौसेने रंगवलं असेल. शेव्हरोलेटची इंजिनं वर्षानुवर्षं नारिंगी रंगाची येत होती. १९७७ च्या सुमारास जनरल मोटर्सने निळा रंग सुरू केला. नारिंगीच्या खाली निळा, आणि निळ्याच्या खाली सरळ लोखंड. हा पुरावा नव्हता, रंग कुणीही मारू शकतो. पण नऊच्या आकड्याकडे बघायची माझी नजर त्या क्षणी बदलली.

दुसऱ्यांदा द्रव लावून मऊ नायलॉनच्या ब्रशने पट्टी धुतली. टॉर्च समोरून न धरता अगदी आडवा, पट्टीला टेकवून धरला. आडव्या उजेडात खळगे सावली धरतात आणि समोरून न दिसणारं अक्षर उठून दिसतं. पहिलं अक्षर व्ही, म्हणजे मिशिगनमधल्या फ्लिंटचा कारखाना. मग ०४२६: २६ एप्रिल. ब्लॉक १४ एप्रिलला ओतला आणि बारा दिवसांनी इंजिन जुळलं, हे अगदी बरोबर बसतं. त्यानंतर अक्षरं होती. मधलं अर्धवट गंजलेलं, पण ती तीन होती याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. मी मित्राला वेगळं मोजायला लावलं, माझा आकडा आधी न सांगता.

तीन अक्षरं म्हणजे निकाल जवळपास लागला. १९६९ पर्यंत शेव्हरोलेट या जागी दोन अक्षरं ठोकत असे, तीन अक्षरांची पद्धत १९७० च्या मॉडेलपासून आली. त्यामुळे हा नऊ एकोणसत्तरचा नव्हता, एकोणऐंशीचा होता. आणि ३२७ चं उत्पादन १९६९ नंतर झालेलं नाही.

शेजारी ओळख क्रमांकाचा तुकडा होता, सुरुवातीला १ आणि ९. मित्र एकदम उजळला: "हे बघ, एकोणीसशे!" त्यातला १ म्हणजे शेव्हरोलेट विभाग आणि ९ म्हणजे मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा. १९६९ च्या आणि १९७९ च्या गाडीत ही सुरुवात सारखीच येते. ज्या खुणेवर शेवटचा भरवसा ठेवावा, तीही इथे दशक सांगत नव्हती. ते त्या तीन अक्षरांनी सांगितलं.

दुसरा निर्णय: विक्रेत्याशी काय बोलायचं

मित्राचा पहिला उद्गार होता की आपल्याला फसवलं. मला तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या माणसाने वडिलांचं अक्षर वाचून दाखवलं होतं, स्वतःच्या मनाचं काही सांगितलं नव्हतं. शिवाय एक शक्यता उरत होतीच. वडिलांनी १९७९ च्या ब्लॉकमध्ये ३२७ ची क्रँक बसवली असेल तर पुठ्ठा खरा आणि पट्टीही खरी. बोअर सारखा असल्याने असं करता येतं.

आम्ही त्याला पट्टी दाखवली, टॉर्च त्याच्या हातात दिला, अक्षरं त्यालाच मोजायला लावली. मग म्हटलं, तुमच्या वडिलांनी लिहिलेलं खरं आहे की नाही हे चेंबर उतरवल्यावरच कळेल, आणि चेंबर पुन्हा नव्या गॅस्केटवर आम्ही बसवून देऊ. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग स्वतःच पाना घेऊन आला.

इंजिन उलटं करून चेंबर उतरवलं. क्रँकच्या काउंटरवेटवर (तोल राखणाऱ्या वजनावर) फुगीर आकडे होते: ३९३२४४२. ही ३५० ची ओतीव क्रँक, कारखान्यात सर्रास वापरली गेलेली. क्रँक ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅपना प्रत्येकी दोनच बोल्ट. हा मुद्दाही कास्टिंग नंबरवरून कळत नाही, कारण याच नंबरचे ब्लॉक दोन बोल्टांचेही आले आणि चार बोल्टांचेही. थोडक्यात, हे इंजिन १९७९ मध्ये ३५० म्हणून जन्मलं आणि आजवर ३५०च राहिलं. पुठ्ठा कदाचित आधी दुसऱ्या इंजिनावर होता. विक्रेत्याने तो सोडवून आपल्या खिशात ठेवला.

तिसरा निर्णय: आता काय

तीन वाटा होत्या. इसार परत घेऊन शोध चालू ठेवायचा. ३५० आहे तसं स्वस्तात घेऊन गाडीत बसवायचं. किंवा फक्त ब्लॉक धरायचा आणि त्यात मित्राच्या तडा गेलेल्या इंजिनातली क्रँक आणि रॉड बसवायचे.

तिसरी वाट मी सुचवली. ३२७ दोन प्रकारचं असतं. १९६७ पर्यंतच्या क्रँकचे मेन जर्नल (मेन बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) २.३० इंचांचे, १९६८ पासून २.४५ इंचांचे. मित्राची क्रँक १९६९ ची, म्हणजे २.४५ ची, आणि ३५० चा हा ब्लॉकही २.४५ चाच. क्रँक सरळ बसते. त्याची गाडी दोन वर्षं आधीची असती तर हे इतक्या सहज जमलं नसतं. ऑइलची पातळी मोजायची कांडीही ब्लॉकच्या ड्रायव्हरकडच्या बाजूलाच होती. १९८० पासून ती पलीकडे गेली, त्यामुळे एक वर्ष नंतरचा ब्लॉक असता तर तिथेही खटपट वाढली असती.

सौदा ४५० डॉलरला झाला. आकडा विक्रेत्यानेच सांगितला.

मशीन शॉपमध्ये ब्लॉक धुऊन तडे तपासले, एकही निघाला नाही. सिलिंडर झिजले होते, म्हणून ०.०३० इंच बोअर वाढवला आणि त्या मापाचे, ३२७ च्या उंचीचे पिस्टन मागवले. क्रँक आणि रॉड चुंबकीय तपासणीतून गेले. एक गोष्ट मी आधीच लिहून दिली होती: डेक, म्हणजे हेड बसतं तो ब्लॉकचा सपाट माथा, गरज नसेल तर कापायचा नाही. ती पट्टी डेकच्याच पातळीत असते, डेकवरून कटर फिरला की अक्षरंही जातात. मोजल्यावर डेक सपाट निघाला आणि प्रश्न मिटला.

मधे कुणीतरी मित्राला सल्ला दिला की पट्टी घासून तिच्यावर त्याच्या गाडीचे मूळ आकडे ठोकून घे, गाडीची किंमत वाढेल. त्याने मला विचारलं तेव्हा मी आवाज चढवून नाही म्हटलं. ओळख क्रमांकाशी छेडछाड हा तिथे संघीय गुन्हा आहे. आणि गुन्हा नसता तरी पुढच्या खरेदीदाराच्या हाती खोटं लोखंड देणं मला मान्य नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच भेटीत पट्टी वाचायला हवी होती. मित्राने सोप्या खुणांपासून सुरुवात केली, कारण त्या दिसत होत्या. जी झाकलेली होती तीच निर्णायक ठरली.

माझी चूक वेगळी. निळा रंग दिसल्यावर मी त्याचा फोटो काढला नाही, उत्साहात थर पुसून टाकला. विक्रेत्याशी बोलताना तो फोटो हाताशी असता तर बरं झालं असतं. आणि प्लगच्या भोकातून मोजायला मी मित्राला नको म्हणायला हवं होतं. भरवशाचा नसलेला आकडा एकदा कानावर पडला की डोक्यातून जात नाही. तो ३.२५ पट्टी वाचून झाल्यावरही त्याच्या तोंडी येत होता.

चेंबर उतरवायची परवानगी इसार देतानाच मागायला हवी होती का, यावर आमचं अजून एकमत नाही. मित्र म्हणतो, हो. मला वाटतं, पट्टी वाचलेली नसताना विक्रेता तयार झालाच नसता.

निष्पत्ती

इंजिन वसंतात गाडीत बसलं. बोअर वाढवल्यामुळे ते आता नेमकं ३२७ राहिलेलं नाही, हिशेबाने ३३१.६ घन इंच भरतं. बाहेरून कुणी खुणा वाचल्या तर त्याला १९७९ चं ३५० सापडेल, आणि खुणांच्या दृष्टीने तो बरोबरच असेल. म्हणून मित्राने इंजिन कप्प्याच्या आतल्या बाजूला एक पितळी पत्रा लावून घेतला. त्यावर ब्लॉकचा नंबर आणि खरं साल, क्रँक कोणत्या सालची, स्ट्रोक ३.२५, बोअर ४.०३० आणि जोडणीची तारीख कोरली आहे. पट्टीचा आडव्या उजेडातला फोटो गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवला आहे. ३५० ची जुनी क्रँक तेल लावून, कागदात गुंडाळून उभी ठेवली आहे, आणि तिच्यावरच्या चिठ्ठीत ती कुठून निघाली ते पूर्ण वाक्यात लिहिलं आहे.